फाटकाशी बसलेला प्रेक्षक

आपल्या घरादाराची राखण करणारा नेपाळी माणूस गेली कित्येक वर्षे आपलाच टीव्ही पाहत आला आहे. आपण मात्र त्याला पडद्यावर कधी नीट पाहिले आहे का?

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. घरोघरी जेवणे आटोपून मालिका सुरू झालेल्या असतात. अशा वेळी जरा खिडकीतून खाली डोकावून पाहा. फाटकाजवळच्या खोलीत स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या चेहऱ्यावरही निळसर उजेड पडलेला दिसेल. पूर्वी त्या खोलीत कुठल्या तरी बिऱ्हाडाने देऊन टाकलेला जुना कृष्णधवल टीव्ही असे. आता हातात मोबाईल असतो. टीव्ही गेला, मोबाईल आला, पण पाहणे काही थांबले नाही.

हा माणूस काय पाहतो, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. त्याला आपण ‘गुरखा’ म्हणतो, ‘बहादूर’ अशी हाक मारतो. त्याचे खरे नाव पुष्कळ घरांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते. त्याला मात्र आपल्याबद्दल बरेच काही ठाऊक असते. आपले सण, आपले नटनट्या, आपल्या सासू-सुनांची भांडणे, आपल्या पुढाऱ्यांची भाषणे, सारे त्याने लहानपणापासून पडद्यावर पाहिलेले असते. शेजारधर्माचा हा व्यवहार असा एकतर्फी का झाला, याचा थोडा विचार करू या.

लखनौवरून येणारी वाट

मुंबई-पुण्याकडे कामाला येणारे बरेच नेपाळी हे त्या देशाच्या पश्चिम टोकाचे असतात. अछाम, बझांग, डोटी, बाजुरा हे तिकडचे डोंगराळ जिल्हे. शेती थोडी, पाऊस लहरी, रोजगार नाही. १९५० सालच्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना सरहद्द ओलांडताना व्हिसा लागत नाही, आणि दुसऱ्या देशात राहून कामधंदाही करता येतो. त्यामुळे तिकडच्या कितीतरी घरांत आजोबा, वडील आणि नातू अशा तीन पिढ्या भारतात राबलेल्या सापडतात.

नेपाळातल्या धनगढीहून सरहद्द ओलांडली की गौरीफंटा लागते. तिथून पलिया, लखीमपूर, सीतापूर करीत रस्ता लखनौकडे येतो. लखनौ शहर यायच्या अलीकडे, सुमारे वीस किलोमीटरवर, याच रस्त्यावर बख्शी का तालाब नावाचे गाव आहे. हवाई दलाचा तळ आणि ग्रामविकासाचे प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था यांमुळे ते तिकडे सर्वांना माहीत आहे. या गावाची आणखी एक ओळख आहे, तिच्याकडे शेवटी येऊ. येथून पुढे लखनौ, आणि लखनौच्या स्थानकावर मुंबईची पुष्पक एक्स्प्रेस. पाठीवर वळकटी घेतलेला पोरगा तीत शिरतो, तेव्हा मुंबई त्याने कधी पाहिलेली नसते. पण हिंदी त्याला कळते, मोडकीतोडकी बोलताही येते. कुठे शिकला? पुष्कळदा उत्तर एकच असते, टीव्हीवर.

लहरींना सरहद्द नसते

आपल्याकडे दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली. मुंबईला ती आली २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि लखनौला २७ नोव्हेंबर १९७५ रोजी. १९८२ साली दिल्लीत एशियाड झाले, पडदा रंगीत झाला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ साली देशात छोट्या प्रक्षेपकांची नुसती रीघ लागली. त्या वर्षातले काही महिने तर जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. सरहद्दीवरच्या गावांनाही त्यांचा लाभ झाला.

आता, टीव्हीच्या लहरींना कुणी पारपत्र विचारत नाही. नेपाळचा दक्षिणेकडचा पट्टा, ज्याला तराई म्हणतात, तो आपल्या उत्तर प्रदेश-बिहारसारखाच सपाट आहे. मध्ये डोंगर नाही. त्यामुळे सरहद्दीलगतच्या गावांसाठी उभारलेल्या प्रक्षेपकांचे चित्र पलीकडच्या गावांतही दिसू लागले. उंच बांबूला ॲन्टेना बांधायचा, एकाने वर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आले, आले, गेले!’ असे ओरडायचे, हा आपल्याकडचा खेळ तराईतही चालत असे.

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. रविवारी सकाळी आपल्याकडे रस्ते ओस पडत, हे वाचकांना आठवत असेल. पण ही कथा नेपाळची किती जवळची आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. तराईतले जनकपूर हे सीतेचे माहेर मानले जाते. तेथे जानकीचे भव्य मंदिर आहे. दूरदर्शनचे चित्र जिथे पोचत होते, तिथल्या नेपाळी प्रेक्षकांसाठी ती मालिका म्हणजे त्यांच्याच लेकीची कथा होती.

काठमांडूचा स्वतःचा पडदा

नेपाळला स्वतःची दूरचित्रवाणी मिळाली ती १९८५ साली. त्या वर्षाच्या डिसेंबरात ‘नेपाल टेलिव्हिजन’चे नियमित प्रसारण सुरू झाले. सुरुवातीला ते काठमांडू खोऱ्यापुरते आणि दिवसाकाठी थोडा वेळच असे. डोंगराळ मुलूख, प्रत्येक डोंगर लहरी अडवणारा, आणि कितीतरी गावांत वीजच नाही. त्यामुळे खेड्यापाड्यांत बराच काळ रेडिओचेच राज्य राहिले.

तरीही या छोट्या पडद्याने नेपाळी माणसाला एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे स्वतःचा चेहरा आणि स्वतःचे हसू. मदनकृष्ण श्रेष्ठ आणि हरिवंश आचार्य ही जोडी तिकडे ‘मह जोडी’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवर चिमणराव-गुंड्याभाऊ आले तेव्हा घराघरांत जसा आनंद झाला, तसाच आनंद या जोडीच्या विनोदी नाटकुल्यांनी तिकडे दिला. हसता हसता सरकारी लाचखोरी, दारू आणि अंधश्रद्धा यांना चिमटे काढायची त्यांची रीत. पुढे ‘तीतो सत्य’, ‘मेरी बास्सै’ अशा विनोदी मालिका घरोघर पोचल्या.

‘मेरी बास्सै’मधून धुर्मुस आणि सुन्तली ही पात्रे लोकप्रिय झाली. ती रंगवणारे सीताराम कट्टेल आणि कुंजना घिमिरे हे खऱ्या आयुष्यातही नवराबायको. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात महाभयंकर भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसे दगावली, लाखो घरे पडली. तेव्हा या जोडप्याने नुसते अश्रू ढाळले नाहीत. टीव्हीने मिळवून दिलेला लोकांचा विश्वास पणाला लावून त्यांनी देणग्या गोळा केल्या, स्वतः उभे राहून घरे बांधून घेतली. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या गिरानचौर येथे ६६ घरांची एक अख्खी वस्तीच त्यांनी २०१६ मध्ये उभी करून दिली. विनोदी नटांवर लोकांनी एवढा भरवसा टाकावा, याहून मोठे बक्षीस कलावंताला कोणते?

मुले कोणत्या भाषेत बोलतात?

१९९० नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९२ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे झी टीव्ही सुरू झाला, स्टारच्या वाहिन्या आल्या, आणि केबलवाल्याच्या तारेबरोबर त्या काठमांडूतही शिरल्या. २००० साली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली, तेव्हा तुलसीची काळजी जशी ठाण्या-नागपुरात होती, तशीच ती काठमांडू-पोखऱ्यातही होती.

याच काळात तिकडच्या आईवडिलांची एक तक्रार ऐकू येऊ लागली. मुले हिंदी कार्टून पाहतात आणि घरात हिंदीत बोलतात! आईला ‘आमा’ म्हणायचे सोडून ‘मम्मी, भूख लगी है’ म्हणतात! ही तक्रार आपल्याला ओळखीची वाटते ना? मराठी घरांतही आजी हेच म्हणत असते. नातू ‘मला भूक लागली’ असे म्हणण्याऐवजी कार्टूनची हिंदी बोलतो, म्हणून ती कुरकुरते. मोठ्या भाषेचा मोठा पडदा लहान भाषेच्या दिवाणखान्यात येऊन बसला की काय होते, ते मराठी माणूस चांगले जाणतो. म्हणूनच नेपाळी प्रेक्षकाचे मन जेवढे आपल्याला कळू शकते, तेवढे ते कदाचित इतरांना कळणार नाही.

यात पैशाचाही प्रश्न होता. भारतीय वाहिन्यांबरोबर भारतीय जाहिरातीही फुकट नेपाळात दिसत. ज्या कंपनीचा साबण तिकडे आधीच दिसतो आहे, ती नेपाळी वाहिनीला जाहिरात कशाला देईल? आणि जाहिरात नाही तर नेपाळी मालिका काढायच्या कशाच्या जोरावर? म्हणून ऑक्टोबर २०२० पासून नेपाळने नियम लागू केला की परदेशी वाहिन्या तेथे दाखवायच्या तर जाहिराती वगळूनच दाखवाव्या लागतील. यात भारताचा द्वेष नाही. आपले घर आपल्या कमाईवर चालवण्याची ती धडपड आहे.

एका अफवेची किंमत

पडद्यावरचे प्रेम किती नाजूक असते, हे २००० सालच्या डिसेंबरात दिसले. हृतिक रोशन तेव्हा नुकताच उदयाला आला होता आणि नेपाळी तरुणांचाही तो लाडका होता. एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने नेपाळ आणि नेपाळी लोक आपल्याला आवडत नाहीत असे म्हटले, अशी अफवा उठली. त्या मुलाखतीत असे एक वाक्यही नव्हते. पण २६ आणि २७ डिसेंबरला काठमांडूत दंगल पेटली. किमान चार जणांचे जीव गेले, भारतीय वंशाच्या लोकांच्या दुकानांवर हल्ले झाले.

न उच्चारलेल्या वाक्यावर लोकांनी विश्वास कसा ठेवला? वर्षानुवर्षे मनात साचलेली एक सल होती. मोठा शेजारी आपल्याला कमी लेखतो, असे जेव्हा आधीच वाटत असते, तेव्हा अफवेला पुरावा लागत नाही. दंगलीचे समर्थन कुणीच करणार नाही. पण सल समजून घेतली नाही, तर ती पुन्हा वर येते.

लगेच पाच महिन्यांनी, १ जून २००१ रोजी, काठमांडूच्या राजवाड्यात राजा वीरेंद्र आणि त्यांच्या कुटुंबाचे हत्याकांड झाले. देशाचे सरकारी प्रसारण कितीतरी तास नुसते शोकसंगीत वाजवत राहिले. काय घडले हे जाणून घ्यायला अनेक नेपाळी घरांनी तेव्हा परदेशी वाहिन्याच लावल्या, त्यांत भारतीय वाहिन्याही होत्या. म्हणजे राग होता, तसा विश्वासही होता.

तो विश्वास २०१५ च्या भूकंपात पुन्हा पणाला लागला. भारताची मदत काही तासांतच पोचली होती, त्याबद्दल नेपाळी लोकांनी आभारही मानले. पण ढिगाऱ्याजवळ रडणाऱ्या माणसाच्या तोंडापुढे माइक धरून ‘तुम्हाला आता कसे वाटते?’ असे विचारणारे वार्ताहर त्यांना सहन झाले नाहीत. ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ अशी हाक समाजमाध्यमांवर घुमली. आणि जुलै २०२० मध्ये, आपल्या पंतप्रधानांविषयी काही भारतीय वाहिन्यांनी सवंग भाषा वापरली म्हणून नेपाळच्या केबलचालकांनी खासगी भारतीय वृत्तवाहिन्या काही काळ बंद केल्या. दूरदर्शन मात्र त्यांनी चालू ठेवले होते. संथ, सभ्य, काहींना कंटाळवाणे वाटणारे आपले दूरदर्शन! सभ्यपणाची आठवण माणसे ठेवतात, ती अशी.

‘शाब जी’च्या पलीकडे

आता आपल्या पडद्याकडे वळू. आपल्या चित्रपटांत आणि मालिकांत नेपाळी माणूस कसा दिसत आला? डोक्यावर टोपी, हातात काठी, ‘शाब जी’ म्हणत सलाम ठोकणारा आणि चोर आले की झोपलेला! वर्षानुवर्षे आपण त्याला हसलो. तोच मनुष्य त्याच वेळी फाटकाशी बसून तेच दृश्य पाहत असेल, हे आपल्या मनातही आले नाही.

नेपाळी बोलणारे सगळेच परदेशी नसतात, हेही आपण विसरतो. दार्जिलिंग आणि सिक्कीमची ती भाषा आहे. १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत नेपाळीचा समावेश झाला, तो आपल्या कोकणीबरोबरच, एकाच दुरुस्तीने. २००७ साली दार्जिलिंगचा प्रशांत तामांग हा कोलकाता पोलिसांतला शिपाई ‘इंडियन आयडॉल’ स्पर्धेत उतरला. त्याला मते देण्यासाठी दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढल्या. सप्टेंबरात तो जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने थट्टा केली. हा गाणे म्हणू लागला तर राखण कोण करणार, अशा अर्थाची. त्यावरून सिलिगुडीत दंगा झाला, संचारबंदी लावावी लागली. निवेदकाला तो विनोद वाटला होता. पण ज्या समाजाने आयुष्यभर तोच एक विनोद ऐकला, त्याला हसू कसे येणार?

सुदैवाने चित्र हळूहळू पालटते आहे. नेपाळची चिमुरडी तेरिया मगर हिने २०१४ साली ‘डान्स इंडिया डान्स’ची छोट्यांची स्पर्धा जिंकली आणि पुढे २०१७ च्या जानेवारीत ‘झलक दिखला जा’ही जिंकली. मुंबईच्या मंचावर नेपाळी मुलगी उभी राहिली आणि भारतीय घरांनी तिला आपली मानून मते दिली. संधी मिळाली, तर प्रेक्षक सरहद्द पाहत नाही.

नेपाळने स्वतःची ‘नेपाल आयडॉल’ स्पर्धा २०१७ साली सुरू केली. बुद्ध लामा हा तरुण तीत पहिला आला. पण तिची अंतिम फेरी काठमांडूत झाली नाही, झाली कतारमधल्या दोहा शहरात! कारण नेपाळी तरुणांचा मोठा मेळा पोटासाठी आखातात राहतो. ज्या देशाचा प्रेक्षक घराबाहेर आहे, त्या देशाचा टीव्हीही त्याच्या मागोमाग जातो.

आमराईतली संध्याकाळ

घराबाहेरचा असाच प्रेक्षक आपल्या कोकणातही आहे. दसरा-दिवाळी, म्हणजे तिकडची दशैं आणि तिहार, आटोपली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हापूसच्या बागांमध्ये नेपाळी कामगार येऊ लागतात. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत ते बागेतच राहतात. माकडे हाकलायची, फवारणीला हात लावायचा, रात्री राखण करायची. पाऊस जवळ आला की माघारी जायचे. आपल्या ताटातल्या आमरसात त्यांच्या जागरणाचाही वाटा असतो.

बागेतल्या झोपडीत पूर्वी रेडिओ असे. आता जिथे सिग्नल मिळतो अशा एखाद्या कातळावर संध्याकाळी मोबाईल घेऊन चार जण बसतात. कधी जुनी नेपाळी विनोदी मालिका, कधी लोकगीते, कधी काठमांडूच्या बातम्या. आणि सगळ्यांत लाडका कार्यक्रम म्हणजे घरचा व्हिडिओ कॉल. दशैंला वडीलधाऱ्यांनी कपाळावर अक्षता-दह्याचा टिळा लावायचा असतो. सुट्टी मिळाली नाही तर पोरगा पडद्यापुढे कपाळ धरतो आणि आई पलीकडून आशीर्वाद देते. टिळा लागत नाही, डोळे मात्र दोन्हीकडचे ओलावतात.

ज्यांची मुले अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहेत, अशा मराठी आईवडिलांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गणपतीची आरती त्यांनीही पडद्यावरूनच दाखवलेली असते.

आपण काय करू शकतो?

फार काही नाही. नेपाळी भाषा आपल्याच देवनागरीत लिहिली जाते. तुमच्या घरातले मूल नेपाळी पाटी सहज वाचू शकेल. पाणी, दूध, घर हे शब्द तर ऐकताक्षणी कळतात. एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांना एखादा नेपाळी विनोदी कार्यक्रम दाखवा. निम्मे शब्द कळतील, उरलेले चेहऱ्यांवरून कळतील.

आणि खाली फाटकाशी जाल, तेव्हा ‘ए बहादूर’ ऐवजी नाव विचारा. वयाने मोठा असेल तर ‘दाइ’ म्हणजे दादा, लहान असेल तर ‘भाइ’ म्हणा. ‘सन्चै हुनुहुन्छ?’ म्हणजे ‘बरे आहात ना?’ एवढे एक वाक्य शिकून घेतले तरी पुरे. मोबाईलवर काय चालले आहे, असे कुतूहलाने विचारा. तो आनंदाने दाखवील.

आता बख्शी का तालाबची ती दुसरी ओळख. या गावात १९७२ पासून रामलीला होते, हिंदू आणि मुसलमान शेजारी मिळून ती करतात. राम-लक्ष्मणाच्या भूमिका मुसलमान तरुण करतात आणि सारे गाव त्यांना भक्तिभावाने पाहते. रामायण टीव्हीवर आले, मोबाईलवर आले, तरी त्या रामलीलेची गोडी उरलीच. शेजारी केवळ शेजारी न राहता आपल्या देवाच्या रूपात समोर उभा राहतो, तेव्हा त्याला परका म्हणता येत नाही.

त्याच गावावरून जाणाऱ्या रस्त्याने दरवर्षी कितीतरी नेपाळी माणसे आपल्या शहरांकडे येतात. त्यांनी आपल्याला पडद्यावर पुष्कळ पाहिले, आपल्यावर प्रेमही केले. आता पाहण्याची पाळी आपली आहे. सुरुवात टीव्हीपासूनच करायला हवी असे नाही. खिडकीतून खाली पाहिले तरी चालेल.